वाचकांचे प्रश्न : वानरांचं आवार

प्रश्न : नाना, मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशी, पालच्या बाजूला, एका छोट्या प्राणिसंग्रहालयाचा वानर विभाग आखला आहे. बनावट खडक, धबधबा, मधोमध सिमेंटचा मोठा वड, आणि लोकांना वरून बघता यावं म्हणून पूल. नकाशा सोबत जोडला आहे. सर म्हणाले, "अगदी नैसर्गिक दिसतंय." पण वानरांना ते तसं वाटेल का, अशी मला शंका आहे. तुम्ही इतकी वर्षं कीपर होतात, तुम्ही काय बदलाल?
– विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : बेटा, शंका रास्त आहे, ती सोडू नकोस. सगळ्यात आधी तो पूल काढ. वानर घाबरलं की झाडावर चढतं. रात्रीही उंच फांदीवरच झोपतं. वरून दीडशे माणसं वाकून ओरडत असतील तर त्यानं पळायचं कुठे? बघणाऱ्यांना खाली आण, झुडपांच्या आडोशाला ठेव, आणि वानरांच्या बसायच्या जागा माणसांच्या डोक्याच्या वर जाऊ देत. जमीन कमी मिळाली तरी चालेल, उंची कमी करू नकोस.

सिमेंटचं झाड मी सांभाळलेलं आहे. मी 28 वर्षं जिथे नोकरी केली तिथे पारंब्यांसकट रंगवलेलं एक होतं. लोक त्याच्यासमोर हौसेनं फोटो काढायचे. मे महिन्यात सकाळी दहालाच फांदीला हात लावला तर तव्यासारखा चटका बसायचा. सगळा कळप मग भिंतीलगतच्या दोन हात सावलीत दाटीवाटीनं बसे आणि तिथे भांडणं होत. आपल्या खान्देशात पारा पंचेचाळीसला टेकतो, हे तुझ्या नकाशात कुठेच दिसत नाही. शिवाय सिमेंटची फांदी हलत नाही. खरी फांदी उडीबरोबर लवते, झोका देते, दर वेळी नवा अंदाज घ्यावा लागतो. पिल्लाचं अंग त्यातच घडतं.

शेवटी आम्ही अग्निशामक दलाचे टाकून दिलेले कॅनव्हासचे पाइप मागून आणले, विणले आणि दोन खांबांमध्ये टांगले. एक लेकुरवाळी मादी तीन दिवस त्यांच्याजवळ फिरकली नाही. चौथ्या दिवशी तिनं एका हातानं पाइप ओढला, सोडला आणि तो हलायचा थांबेपर्यंत बघत बसली. पुन्हा ओढला. मग पिल्लू पोटाशी धरून चढली आणि मधोमध ऐसपैस आडवी झाली. दिसायला ते पाइप कुरूपच होते. पण त्या विभागातली सगळ्यात नैसर्गिक वस्तू कोणती, असं मला विचारशील तर मी तेच दाखवीन.

दुसरी गोष्ट, ज्या खोपटाला एकच दार असेल ते बांधू नकोस. आमच्याकडे तसं एक होतं. एक तरणा नर दांडग्या नराला भिऊन आत शिरला, दांडगा दारात उभा राहिला. आम्ही पोचेपर्यंत त्याची मांडी हाडापर्यंत फाटली होती. त्या दिवसापासून प्रत्येक निवाऱ्याला समोरासमोर दोन वाटा, आणि फांद्यांचा एकही रस्ता मध्येच संपणार नाही, असा नियम मी स्वतः घालून घेतला. मधे मधे आडोसेही हवेत. एकमेकांच्या नजरेआड होता येणं ही वानरांची रोजची गरज असते.

नुसत्या देखाव्याचं काय होतं ते लंडनला दिसलं. तिथल्या प्राणिसंग्रहालयानं 1925 साली बनावट खडकांची मोठी टेकडी उभारली आणि शंभरेक हमाड्रायस बॅबून, म्हणजे आफ्रिका-अरबस्तानाकडची दांडगी माकडं, सोडले. जवळजवळ सगळे नर, माद्या मोजक्या. हा प्राणी कळपात कसा राहतो याचा विचारच झाला नव्हता. मारामाऱ्यांत प्राणी मरत गेले. 1927 मध्ये 30 माद्या सोडल्या, तर त्यांतल्याही बऱ्याच मारल्या गेल्या. याच्या उलट, अमेरिकेत सिएटलच्या वुडलँड पार्क प्राणिसंग्रहालयात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गोरिलांसाठी खऱ्या झाडाझुडपांचं आवार केलं. गोरिला झाडं उपटून टाकतील, अशी भीती घालणारे तेव्हाही होते. त्या आवारानं पुढे जगभर अनेकांना वाट दाखवली.

वानरं मात्र झाडं ओरबाडतात, हे खरं. म्हणून आवाराचे दोन भाग कर, एकात कळप ठेव, तोवर दुसरा फुटू दे. मोठ्या झाडांच्या बुंध्यांना सौर कुंपणाची तार गुंडाळता येते. इथलीच झाडं घे : वड, उंबर, करंज, सालई, आणि आपला अंजन. कण्हेर मात्र पूर्ण काढ. नकाशात कडेनं लावली आहेस, पण ती विषारी आहे.

जाळीला नाक मुरडू नकोस. वानराला ती चढायला मिळते, आणि काळा रंग दिला की बघणाऱ्याच्या डोळ्याला फारशी टोचत नाही, चकचकीत जाळीच तेवढी दिसते. धबधब्याचे पैसे जाळीच्या उंच छतावर घाल.

प्रश्न : आमच्याकडे बाजारात नाकारलेली केळी खूप उरतात. ती प्राणिसंग्रहालयातल्या वानरांना नेऊन घालू का?
– शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, भावना चांगली आहे, पण नको. काळतोंड्या वानराचं पोट पाल्यासाठी बनलेलं आहे. कप्प्याकप्प्यांच्या जठरात जंतू पाला आंबवतात आणि मग तो पचतो. त्यात एकदम गोड केळं पडलं की ते सगळं बिघडतं. प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना बाहेरच्यांनी खाऊ घालणं कायद्यानंही मना आहे. द्यायचंच असेल तर अधिकाऱ्यांना विचारून ताज्या पाल्याच्या फांद्या द्या, औषध न मारलेल्या. वानर डहाळीवरून एकेक पान खुडत तास-दोन तास गुंततं. केळं दोन घासांत संपतं आणि मग उरलेला दिवस त्याला करायला काही नसतं.

प्रश्न : वानर आणि लालतोंडं माकड एकाच आवारात ठेवता येतील का?
– शिक्षिका, शहादा

उत्तर : ताई, नको. रानात ती एका झाडाखाली दिसतात, कारण तिथे उठून निघून जाता येतं. बंद आवारात माकडं वानरांचं खाणं पळवतात. पाण्याच्या खंदकावरही भिस्त नको, माकड चांगलं पोहतं.

आणि आधी माकड कोणतं ते ओळखा. तापीच्या उत्तरेला ऱ्हीसस आणि दक्षिणेला टोपी माकड, अशी जुनी सीमा होती. आता ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकलं आहे. दोघांचा संकर होतो, म्हणून त्यांनाही एकत्र ठेवू नये. मुलांना शेपूट बघायला सांगा. आखूड असेल आणि ढुंगणाकडचे केस तांबूस असतील तर ऱ्हीसस. शेपूट लांबलचक आणि डोक्यावर मधून भांग पाडल्यासारखे केस असतील, तर टोपी माकड.