इलेक्ट्रॉनिक वाद्यसंगीत बनवायला सुचतं कुठून, आणि शब्दच नसतील तर त्याला अर्थ कसा येतो?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपवर सिंथ (सूर तयार करणारं सॉफ्टवेअर) उघडून बसता, आठ बारचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा छोटा तुकडा, होतो, पुढे गाडी हलत नाही आणि मग वाटतं की शब्द नाही, गाणारा नाही, तर हे करतोय कशाला. माझं सरळ मत सांगतो, अर्थ आधी शोधूच नका. आधी एखादा आवाज शोधा ज्याचा तुम्हाला नाद लागेल.

मी यावल तालुक्यातला, घरची केळी आहे. शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री, रात्रीची पाळी असली की मळ्यात जावंच लागतं, पंपाला ऑटो (लाईट आली की आपोआप चालू करणारा) बसवलेला असला तरी फ्यूजचा काही भरवसा नसतो. तिथे बांधावरची डीपी, म्हणजे लाईटचा ट्रान्सफॉर्मर, रात्रभर हूंऽऽ करत असते. आपली लाईट ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० सायकल, पण डीपीच्या आतलं लोखंड एका सायकलमध्ये दोनदा ताणतं-सुटतं म्हणून आवाज येतो १०० हर्ट्झचा, आणि त्याच्यावर २००, ३०० असे बारीक सूर चढलेले. पेटीवर खर्जातली पांढरी पाच साधारण ९८ हर्ट्झची, म्हणजे आमची डीपी ना धड पांढरी पाच ना काळी चार, मधेच कुठेतरी. मी ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं (लांबून हां, डीपीजवळ जाऊन शहाणपणा करू नका) आणि ते सॅम्पल (रेकॉर्ड केलेला तुकडा) खेचून सुरात आणण्याऐवजी उलट केलं, सगळे सिंथ पांढरी पाचपासून ३५ सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट) वर चढवून डीपीला मिळवले. सॅम्पल सुरात आणलं तरी चालतंच, पण मग तो कुठल्याही प्लगिनमधला (सॉफ्टवेअरला जोडायच्या वाद्यातला) ड्रोन, म्हणजे एकसारखा धरलेला सूर, वाटायला लागतो, त्याचं गाव जातं.

अजून एक मजा म्हणजे ग्रिडची फ्रिक्वेन्सी लोडप्रमाणे किंचित खालीवर होत राहते, त्यामुळे तो सूरही एकदम सरळ राहत नाही, हलतो, आणि तेवढं हलणंच कानाला जिवंत वाटतं. वरून केळीची वाऱ्याने चिरलेली वाळकी पानं, तो आवाज म्हणजे आयता नॉईज, त्याला लो-पास फिल्टर (वरचे बारीक सूर कापणारा) लावायचा आणि हळू एलएफओने (सेटिंग आपोआप हळू खालीवर करणारी लहर) त्याची उघड-मिट करायची, हाय-हॅटची, म्हणजे ड्रमच्या झांजेची, गरजच पडत नाही.

हे काही मी शोधलेलं नाही. पिएर शेफर नावाच्या फ्रेंच रेडिओवाल्याने १९४८ मध्ये पॅरिसच्या स्टेशनवर इंजिनांचे आवाज रेकॉर्ड करून त्यांचीच रचना केली होती, आणि आपल्याकडे तर भुसावळचं एवढं मोठं यार्ड पडलंय, डबे जोडतानाचा तो दणका ऐकलाय ना? किक (ड्रमचा खालचा ठोका) म्हणून वापरून बघा.

आता अर्थाचं. मुंबईचे चरणजित सिंग, हिंदी सिनेमात वाजवणारे, त्यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीची टीबी-३०३ (बेसचा सिंथ) आणि टीआर-८०८ (ड्रम मशीन) ही तेव्हाची नवीन मशीनं घेऊन रागांना डिस्कोचा ठेका लावला, तेव्हा फार कोणी विचारलं नाही. पुढे काही वर्षांनी शिकागोत त्याच ३०३ वर अ‍ॅसिड हाऊस हा इलेक्ट्रॉनिक नाचगाण्याचा प्रकार जन्मला, आणि २०१० मध्ये त्यांची रेकॉर्ड पुन्हा निघाल्यावर जग म्हणायला लागलं, अरे हे तर यांनी आधीच केलं होतं! १९८२ मध्ये तर अ‍ॅसिड हाऊस हे नावही नव्हतं, त्यांनी मशीन समोर ठेवून आपले राग वाजवले एवढंच, बाकीचा अर्थ ऐकणाऱ्यांनी मागून लावला.

माझ्या ट्रॅकचं पण तेच होतं. काकांना ऐकवला तर म्हणे, "यामा गाणं कोठे शे भो?" मावशीला देवळातला तंबोरा वाटला, मित्राला पिक्चरमध्ये भूत यायच्या आधीचं म्युझिक. डीपी कोणालाच ओळखू आली नाही आणि मी पण सांगितलं नाही, कारण सांगितलं की लोक फक्त डीपीच ऐकतात.

लूप अडकला असेल तर नवीन ट्रॅक चढवत बसू नका, काढून टाका. सगळं म्यूट करा, एकच आवाज ठेवा आणि त्याचा फक्त फिल्टर चार मिनिटं हाताने फिरवत रेकॉर्ड करा, ऑटोमेशन (फिल्टर कसा हलेल त्याची रेघ) माऊसने काढू नका, हाताची घाई-दिरंगाई येऊ द्या. मग बाकीचे आवाज त्याच्या मागे लावा. ऑडॅसिटी (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आणि सर्ज एक्सटी (सिंथ) दोन्ही फुकट आहेत, सुरुवातीला याच्यापुढे खर्च करायची काहीच गरज नाही. प्रेरणेसाठी म्हणून हजारोंचे प्लगिन घेणारे पण बघितलेत, त्यांचा पण लूप आठ बारचाच असतो.

आणि कोणाला ऐकवायला पाठवाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि हेडफोन लावायला सांगा, मोबाईलच्या स्पीकरवर १०० हर्ट्झ जवळजवळ येतच नाही.