फुटबॉलमध्ये लोनवर, म्हणजे उसना म्हणून दुसऱ्या क्लबकडे गेलेला खेळाडू मूळ क्लबविरुद्ध खेळू शकतो का? जळगावात मित्रांमध्ये भरीत पार्टीची पैज लागली आहे.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये नाही, युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये हो. तेव्हा वांगी निम्मी-निम्मी आणा. प्रीमियर लीगचा नियमच आहे, लोनवरचा खेळाडू मालक क्लबविरुद्ध उतरत नाही. चॅम्पियन्स लीग भरवणारी युएफा अशी अट मानत नाही. 2014 च्या सेमीफायनलला चेल्सीचाच गोलकीपर कोर्त्वा लोनवर ॲटलेटिको माद्रिदकडून चेल्सीविरुद्धच खेळला. त्याला खेळवलं तर पैसे मोजायचं कलम करारात होतं, ते युएफाने निकालात काढलं आणि चेल्सी घरच्या मैदानावर 3-1 हरली. 2020 मध्ये तर बार्सिलोनाच्या कुटिन्योने बायर्नकडून बदली उतरून बार्सिलोनालाच दोन गोल ठोकले. स्कोअर 8-2, अजून आठवलं की हसू येतं! फक्त स्पॅनिश लीगचं उदाहरण देऊन भांडू नका, तिथे ते दोन क्लबांमधल्या करारावर असतं.