पहिल्यांदाच क्रूझने जाताना चढण्याच्या दिवसाची गर्दी कशी सांभाळावी?

आपण मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर प्रथमच जात आहात, सोबत सत्तरी ओलांडलेले आईवडील आणि सहा वर्षांचा मुलगा आहे, वडिलांना गुडघ्यांमुळे फार वेळ उभे राहवत नाही, आणि दीड-दोन हजार माणसे एकाच दिवशी एकाच जहाजावर चढणार म्हटल्यावर त्या गर्दीत आपला निभाव कसा लागेल, याची धास्ती वाटते, असे आपण विचारले आहे. मी असा प्रवास दोनदा केला आहे. पहिला २०२३ च्या डिसेंबरात मुंबईहून, सासूबाई आणि दोन मुलांसह. दुसरा त्यानंतर सिंगापूरहून, चार हजारांहून अधिक प्रवाशांच्या जहाजावर. आपल्याला नवल वाटेल, पण गर्दीचा त्रास पहिल्या, लहान जहाजावर अधिक झाला. त्यात जहाजाचा काही दोष नव्हता. आम्ही प्रत्येक गोष्ट नेमकी त्याच वेळी करायला गेलो, ज्या वेळी बाकी सारे करत होते.

ही गर्दी होते कशी, ते आधी समजून घ्यावे. मुंबईहून नियमित सुटणारे, कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले, अकरा डेकचे आणि साधारण अठराशे प्रवाशांचे जहाज आहे. असे जहाज बहुधा ज्या दिवशी एका फेरीहून परतते, त्याच दिवशी पुढच्या फेरीला निघते. म्हणजे सकाळी जुने प्रवासी सामानासह उतरतात, मधल्या काही तासांत शेकडो केबिन झाडून-पुसून चादरी बदलल्या जातात, भाजीपाला आणि दूध वर चढते, आणि दुपारी नवे प्रवासी आत येऊ लागतात. या मधल्या काळात लवकर येणाऱ्याला कुणी आत घेऊ शकत नाही, कारण आत जागाच तयार नसते. आपल्याकडे मात्र गाडी सुटायच्या दोन तास आधी फलाटावर जाऊन बसणे हा शहाणपणा मानला जातो. आम्हाला चेक-इनसाठी एक ते दोन अशी वेळ दिलेली होती आणि आम्ही पावणेअकराला बॅलार्ड पियर या मुंबई बंदराच्या धक्क्याच्या ग्रीन गेटवर हजर होतो. आमच्यासारखी आणखी बरीच कुटुंबे होती. सव्वादोन तास आम्ही सर्वांनी मिळून जी गर्दी केली, त्याच गर्दीबद्दल एकमेकांपाशी तक्रार करत उभे राहिलो.

तेव्हा पहिली सूचना हीच की, वेब चेक-इन उघडताच ते उरकावे, वेळ निवडण्याची सोय असल्यास मधली किंवा शेवटून दुसरी वेळ घ्यावी, आणि त्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटे आधीच पोहोचावे. अगदी शेवटची वेळ घेऊ नये, कारण जहाज सुटण्याच्या बरेच आधी चेक-इन बंद होते आणि पूर्व द्रुतगती महामार्ग कुणाची गय करत नाही. आपण बाहेरगावाहून येणार असाल तर आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करावा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बंदराचे गेट टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. बॅलार्ड पियरवरच्या नव्या क्रूझ टर्मिनलचे सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले असून तिथे ७२ काउंटर असल्याचे जाहीर झाले आहे. मात्र काउंटर कितीही असले तरी केबिन तयार होण्याची वेळ तीच राहते.

वडिलांसाठी चाकाच्या खुर्चीची मागणी आजच नोंदवावी, बंदरावर पोहोचल्यावर नव्हे. विमानतळावर जसे खुर्चीतल्या माणसाला आणि त्याच्या सोबत्याला वेगळ्या वाटेने नेतात, तसेच इथेही बहुधा होते, आणि धक्क्यावरून जहाजात नेणाऱ्या उतरत्या-चढत्या शिडीवर तर त्या मदतीचे मोल फारच जाणवते. ‘मला काय झालंय, मी चालेन’ असे वडील म्हणतील. माझ्या सासूबाईही म्हणाल्या होत्या. अंतर फारसे नसते, उभे राहण्याचा वेळ फार असतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे. सर्वांची मूळ ओळखपत्रे, मुलाचे आधार कार्डसुद्धा, एकाच माणसाच्या हाती, एकाच पाकिटात असावीत. रांगेत सर्वाधिक खोळंबा होतो तो चौघांची कार्डे चार पिशव्यांतून शोधण्यात.

आता सामान, ज्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचे आहे. मोठ्या बॅगा आपण स्वतः केबिनपर्यंत नेत नाही. टर्मिनलवर त्या क्ष-किरण तपासणीसाठी घेतात, त्यांना केबिन क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली असते, आणि त्या केबिनच्या दारात येईपर्यंत सहज संध्याकाळ होते. हे वाचलेले असूनही मी सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत भरल्या, कारण त्यांचा डबा हातातल्या पिशवीत मावत नव्हता. दुपारची गोळी हुकली. सासूबाई पलंगाच्या कडेला मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या आणि बाहेरच्या बोळातून ढकलगाडीच्या चाकांचा आवाज आला की दार उघडून पाहत होत्या. प्रत्येक वेळी बॅगा शेजारच्यांच्या निघत. आमच्या आल्या साडेसहाला. जहाजावर दवाखाना असतो, मी तिथे जाण्याच्या तयारीत होते, पण त्या चार तासांत आमच्यापैकी कुणीही जहाज पाहिले नाही. म्हणून औषधे, चष्मे, मुलाचा कपड्यांचा एक जोड, पोहण्याचे कपडे, मोबाइलचे चार्जर आणि थोडे कोरडे खाणे एका पाठपिशवीत स्वतःजवळ ठेवावे. पोहण्याचे कपडे जवळ असल्याचा मोठा फायदा असा की, पहिल्या दुपारी तलाव जवळजवळ मोकळा असतो, कारण बाकी सर्वांचे कपडे बॅगांत अडकलेले असतात.

पाण्याची विजेवरची किटली, इस्त्री आणि एक्स्टेंशन बोर्ड घेऊ नयेत; आगीच्या भीतीने जहाजांवर या वस्तू चालत नाहीत. आमची किटली तपासणीत निघाली, तिची पावती मिळाली आणि उतरताना ती परत घेण्यासाठी आणखी एका रांगेत उभे राहावे लागले. घरी शिजवलेले अन्नही बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. शाकाहारी आणि जैन जेवण भारतीय जहाजावर व्यवस्थित मिळते, त्यामुळे त्याची चिंता नको.

आत पाऊल ठेवताच सगळे जण दोन गोष्टी करतात: लिफ्टसमोर उभे राहतात आणि बुफेकडे जातात. दुपारी एक ते दोन या वेळात बुफेच्या तोंडाशी असलेल्या पहिल्या टेबलावर जी झुंबड उडते, ती पाहून लग्नाच्या पंगतीची आठवण यावी. पण तेच पदार्थ बहुधा आतल्या बाजूलाही मांडलेले असतात, आणि अडीचनंतर तिथे ताटे घेऊन निवांत फिरता येते. घरून निघताना पोटभर नाश्ता करावा आणि टर्मिनलमध्ये मुलाला काहीतरी खाऊ घालावे, म्हणजे ही घाई आपोआप टळते. लिफ्टच्या बाबतीत आम्ही पुढे एक युक्ती शिकलो. वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये जागा नसेल तर खाली जाणाऱ्या लिफ्टमध्ये शिरावे आणि तिच्यातूनच वर यावे. दादरला जागेसाठी उलटे चर्चगेटला जाणाऱ्यांना हे सांगायला नको.

जहाज सुटण्यापूर्वी सुरक्षेची कवायत, म्हणजे संकटाच्या वेळी कुठे जमायचे याची तालीम, होते आणि तिथे जाणे प्रत्येकाला बंधनकारक असते. या वेळी पुन्हा सर्वजण एकदम जिन्यांवर येतात, मुले कंटाळतात, आणि पुष्कळांना हा निव्वळ उपचार वाटतो. तो तसा नाही. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्यालगत ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळले आणि ३२ जण मृत्युमुखी पडले. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत केव्हाही घेतलेली चालत असे. आंतरराष्ट्रीय नियम त्यानंतर बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घ्यावी लागते. आपण जमण्याचे ठिकाण कोणते, हे केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूस लिहिलेले असते. जाहीर वेळेच्या वीस मिनिटे आधी वडिलांना घेऊन तिथे जाऊन बसावे. जिने मोकळे मिळतात आणि बसायला जागाही मिळते. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे संकटाची सूचना, हे मुलाला आधी खेळासारखे शिकवून ठेवले तर तो घाबरणार नाही, उलट भोंगे मोजत बसेल.

कवायत संपली की अर्धे जहाज सर्वांत वरच्या डेकवर धावते, कारण मुंबई सोडतानाचे दृश्य तिथूनच चांगले दिसते असा समज आहे. जहाज बंदरातून दक्षिणेकडे निघते, त्यामुळे शहर उजव्या हाताला राहते. गेटवे, ताज, मग कुलाब्याचे टोक आणि त्यापुढचा प्रॉन्ग्ज दीपस्तंभ, सगळे त्याच बाजूस. वर पुढच्या कठड्याशी माणसांच्या तीन रांगा आणि त्यांच्या उंचावलेल्या मोबाइलांखेरीज फारसे काही दिसत नाही. आम्ही मागच्या टोकाला, खालच्या उघड्या डेकवर उजवीकडे उभे होतो आणि तिथे आमच्याशिवाय पाच-सहा माणसे होती. सूर्य नुकताच शहरामागे मावळला असल्याने ताजचा घुमट नुसता काळ्या कागदातून कापल्यासारखा दिसत होता. सासूबाईंनी त्या दिवसात पहिल्यांदा तक्रार न करता काही पाहिले असेल, तर ते हेच.

मुलाच्या बाबतीत एक काळजी अवश्य घ्यावी. किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज जाते, आणि हरवलेल्या माणसाला फोन करून ‘कुठे आहेस’ असे विचारण्याची आपली सवय तिथे निरुपयोगी ठरते. म्हणून चढल्याबरोबर भेटण्याची एक जागा ठरवावी, जी सर्वांना सहज सापडेल, उदाहरणार्थ स्वागतकक्षासमोरचा सोफा. केबिन क्रमांक चिठ्ठीवर लिहून ती मुलाच्या खिशात ठेवावी. आईवडिलांनाही ही जागा प्रत्यक्ष नेऊन दाखवावी. जहाजातले बोळ दोन्ही बाजूंनी इतके एकसारखे असतात की माझ्या धाकट्याने दोनदा परक्यांच्या दारावर थापा मारल्या.

कोकणात आगबोटीने ये-जा करणाऱ्या पिढीचा ‘बोट लागणे’, म्हणजे हेलकाव्यांनी मळमळणे, हा शब्द आपल्या आईवडिलांना ठाऊक असेल आणि ते त्याच भीतीत असतील. हिवाळ्यात हा समुद्र बहुधा शांत असतो. तरीही अजून केबिन निवडायची असेल तर जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची घ्यावी. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात आणि जेवणघराकडे जाण्यासाठी दोन्ही बाजूंचे जिने सारखेच जवळ पडतात. मळमळीची गोळी रक्तदाबाच्या औषधांबरोबर चालते का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

गोव्यात जहाज मुरगावला लागते. तिथे उतरतानाही पहिल्या अर्ध्या तासातच सारे जिन्यावर येतात; सहलीची ठरलेली वेळ नसेल तर सावकाश नाश्ता करून उतरावे. पणजी तिथून सुमारे तीस किलोमीटर असल्याने परतीच्या वेळेत भरपूर सूट ठेवावी, कारण स्वतःच्या टॅक्सीने गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही.

परतीच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या सकाळी धक्क्यावर मिळतात. त्या सकाळीही पुकारा होईपर्यंत जिन्याशी ताटकळू नये. वडिलांना जेवणघरातच चहा घेऊन बसू द्यावे. बॅगा बंद करताना सकाळी अंगावर घालायचे काय, ते मात्र बाहेर काढून ठेवावे. आमच्या समोरच्या केबिनमधील एका सद्गृहस्थांनी रात्री घाईघाईने आपले बूटही बॅगेत भरून टाकले होते, आणि सकाळी ते कडक इस्त्रीचा शर्ट, पँट आणि केबिनमधल्या पांढऱ्या कापडी सपाता अशा वेशात बॅलार्ड पियरवर उतरले.