स्वस्तातल्या कार्ट रेसिंग गेमचे सगळे अचिव्हमेंट काढण्यात काही अर्थ आहे का? किती वेळ जातो?

अर्थ आहे. (अचिव्हमेंट म्हणजे गेमने ठरवलेलं एकेक काम केलं की मिळणारा बिल्ला.) वेळेचं पुढे बघू. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मित्र म्हणतात, 'असल्या सेलमधल्या गेमचे अचिव्हमेंट कोणीही काढतं.' हेच वाक्य मी माझ्या मामेभावाच्या, म्हणजे दादाच्या, तोंडून इतकी वर्षं ऐकतेय की उत्तर लिहायला हात शिवशिवले.

दादाच्या मते मारिओ कार्ट सोडलं तर या प्रकारातलं बाकी सगळं नक्कल. तथ्य आहे त्यात. १९९२ च्या सुपर मारिओ कार्टनंतर जो तो केळ्याची सालं आणि मागून येणारी मिसाईलं तिथूनच उचलत आला. पण ज्या मारिओ कार्टची हा शपथ घेतो ते चालतं निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर, आणि स्विचवर अचिव्हमेंटची सोयच नाही! एक्सबॉक्स ३६० वर ते २००५ पासून, स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानावर २००७ पासून, प्लेस्टेशनवर २००८ पासून ट्रॉफीच्या रूपात. म्हणजे ज्या गोष्टीवर तो मला ज्ञान पाजळतो, ती त्याच्या लाडक्या गेमात मुळात नाहीच.

माझा गेम कोणता ते सांगत नाही, कारण पुढे त्याला नावं ठेवणार आहे. छोट्या स्टुडिओचा, ट्रॅक मोजकेच, पात्रं कोणाच्या ओळखीची नाहीत आणि मेनूतलं संगीत पहिल्याच दिवशी बंद करावं असं. शेवटी एकच अचिव्हमेंट उरला होता: सर्वांत कठीण पातळी, ट्रॅक मिरर केलेले (डावं-उजवं उलटं), शेवटच्या कपातल्या चारही शर्यतींत पहिला नंबर. चौथी शर्यत बर्फाची. फिनिश लाइनच्या जरा आधी यू-टर्न, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला कठडाच नाही.

स्वस्त गेममध्ये कॉम्प्युटरच्या गाड्या हुशार नसतात, त्यांना नुसतं रबरबँडिंग लावलेलं असतं. तुम्ही जितके पुढे जाल तितका मागच्यांचा वेग आपोआप वाढतो. त्यात पहिल्या नंबरवाल्याला ट्रॅकवरच्या बॉक्समधून साल किंवा ढाल, एवढंच मिळतं. मिसाईल मिळणार मागच्यांना. त्यामुळे पहिल्या लॅपपासून आघाडी घेतली की दर वेळी तेच व्हायचं: यू-टर्नच्या तोंडाशी इशाऱ्याचा टूंटूं आवाज, धडाम, गाडी गरागरा फिरून दरीत. वर काढून ट्रॅकवर ठेवेपर्यंत चार गाड्या पुढे. आणि सोफ्यावरून दादा: "अगं सोड ना, कोण बघतंय तुझं?"

तोडगा टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकट्याने घड्याळाशी लावायच्या शर्यतीत, सापडला. तिथे डेव्हलपरचा घोस्ट असतो, म्हणजे त्यांनी नोंदवलेली लॅप, अर्धपारदर्शक गाडीच्या रूपात. त्याच्याशी शर्यत लावायचं सोडून मी नुसती त्याच्या मागे मागे फिरले. मी यू-टर्नला ड्रिफ्ट (बटण धरून गाडी घसरवत वळवणं) वळण सुरू झाल्यावर धरत होते. घोस्ट तो आधीच्या सरळ पट्ट्यावरच धरायचा आणि स्टिक किंचित उलट दाबून गाडी सरळ ठेवायचा. त्यामुळे वळण यायच्या आधीच चाकांखालच्या ठिणग्या निळ्याच्या नारिंगी झालेल्या असायच्या, आणि वळणाच्या मध्यावर बटण सोडलं की मोठा बूस्ट, म्हणजे वेगाचा झटका, थेट फिनिश लाइनकडे. हे जमलं तेव्हा बाकीचं सोपं झालं. दोन लॅप मुद्दाम दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर राहायचं, ढाल मिळाली की वापरायची नाही, हातात धरून ठेवायची, आणि शेवटच्या लॅपला त्या पट्ट्यावर पुढे निघायचं. मिसाईल आलंच, ढालीवर आपटलं, मी पार.

जगभरच्या खेळाडूंपैकी किती जणांकडे तो अचिव्हमेंट आहे ते स्टीम दाखवतं. दोन टक्क्यांच्याही खाली. मी दादाला स्क्रीन दाखवली.

दुसऱ्या दिवशी त्याच गेमात त्याचेही शंभर टक्के! अचिव्हमेंट परस्पर अनलॉक करणारं एक टूल मिळतं, ते चालवलं पठ्ठ्याने. स्टीम प्रत्येकापुढे तारीख आणि वेळ लिहितं, आणि याचे सगळेच्या सगळे एकाच मिनिटात मिळालेले. पहिली शर्यत पूर्ण करा आणि शेवटचा कप जिंका, दोन्ही एकाच मिनिटात. तरी वर तोंड करून म्हणतो, "टक्के सारखेच ना?" यावर आमचं अजून भेटलो की वाजतं. माझं म्हणणं साधं आहे: त्याला आजही तो ट्रॅक द्या, पहिल्याच लॅपला दरीत जाईल.

आता तुमच्या वेळेचं. शर्यत दोन-चार मिनिटांची असते, त्यामुळे कप भराभर संपतात. आधी टाइम ट्रायल करा, मग कप. उलटं करणारे उगाच रडत बसतात. ड्रिफ्ट कोणत्या घराण्याचा आहे ते पहिल्याच दिवशी बघा. काही गेममध्ये मारिओ कार्टसारखा धरून सोडायचा असतो. काहींत १९९९ च्या क्रॅश टीम रेसिंगसारखा, म्हणजे घसरत असतानाच मीटर लाल झाला की दुसऱ्या बाजूचं खांद्यावरचं बटण दाबायचं, एका ड्रिफ्टमध्ये तीनदा. हे न कळता खेळलात तर कठीण पातळी अशक्यच वाटेल. हात बसवायला फुकटचा सुपरटक्सकार्ट आहे, त्यात स्वतःचे अचिव्हमेंटही आहेत.

तासांचा आकडा देण्यात अर्थ नाही, कारण खरा वेळ खातात ते 'अमुक हजार नाणी गोळा करा'छाप आणि ऑनलाइनवाले. छोट्या गेमच्या ऑनलाइन लॉबीत कुत्रंही नसतं. सर्व्हर बंद झाला असेल तर तो अचिव्हमेंट कायमचा गेला, म्हणून विकत घेण्याआधी यादी उघडून टक्केवारी बघा. कठीण कप दोन टक्क्यांवर आणि 'एक ऑनलाइन शर्यत जिंका' जवळपास शून्यावर असेल, तर समजा की तो कठीण नाही, बहुतेक मेलेला आहे.

आणि हो, हे खरं तर वर लिहायला हवं होतं. दादाच्या 'कोण बघतंय तुझं?'मध्ये एक मुद्दा बरोबर आहे. स्टीमवर ज्या छोट्या गेमना अजून पुरेसा प्रतिसाद नाही, त्यांच्या स्टोअर पेजवर 'प्रोफाइल फीचर्स लिमिटेड' असं लिहिलेलं असतं. त्यांचे अचिव्हमेंट प्रोफाइलवरच्या एकूण बेरजेत धरत नाहीत आणि शोकेसमध्येही लावता येत नाहीत. प्लेस्टेशनवरही काही छोट्या गेमना प्लॅटिनम (बाकी सगळ्या ट्रॉफी काढल्यावर मिळणारी) नसतेच. मिरवायलाच काढणार असाल तर हे आधी तपासा, नाहीतर माझ्यावर ओरडाल.

नाण्यांसाठी मात्र हात झिजवू नका. ऑटो-स्टिअर चालू करा, ॲक्सिलरेटरच्या बटणाला रबरबँड गुंडाळा (हा खराखुरा), सोपा गोल ट्रॅक लावा आणि झोपा. दादा म्हणतो, मग ही पण चीटिंगच. अजिबात नाही. गाडी ट्रॅकवर रात्रभर खरंच फिरली आणि नाणी गेमने स्वतः मोजली.