डब्लिनची चिप आणि तुझा प्रश्न

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चिपच्या ज्या भागावर, ब्लॉकवर, दोन वर्षं खपून काम केलंस, तो प्रोजेक्टच गुंडाळला गेला, आणि आता चिप डिझाइन सोडावं का, असं विचारतेस. मन लागत नसणार, समजतं मला. उत्तर द्यायच्या आधी मोव्हिडियसची हकिगत सांगतो.

2005 साली डब्लिनमध्ये डेव्हिड मोलोनी आणि शॉन मिचेल यांनी ही कंपनी काढली. सुरुवातीला रोख मोबाईलवरच्या गेम्सवर होता. तिथे जम बसला नाही. पण फोनच्या बॅटरीवर जड गणित चालवायचं कसं, हा प्रश्न त्यांनी हातचा जाऊ दिला नाही. खरी गोम अशी, की गणितापेक्षा डेटाची ने-आण जास्त वीज खाते. एका गुणाकाराला लागते त्याच्या कितीतरी पट ऊर्जा तो आकडा डीरॅममधून, म्हणजे चिपबाहेरच्या मेमरीतून, आणायला लागते. म्हणून त्यांच्या ‘मिरियाड 2’ या चिपमध्ये 12 वेक्टर प्रोसेसर, म्हणजे एका फटक्यात अनेक आकड्यांवर काम करणारे, आणि त्यांना खेटून 2 एमबी मेमरी. चित्राच्या ओळी एकदा आत आल्या की शक्य तेवढं काम तिथेच उरकायचं. खर्च साधारण 1 वॅट. कॅमेऱ्याला नेमकं हेच हवं होतं! 2014 मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट टँगोत, म्हणजे आजूबाजूची जागा ओळखणाऱ्या फोनच्या प्रयोगात, आधीची मिरियाड बसली, 2016 मध्ये डीजेआयच्या फँटम 4 ड्रोनमध्ये मिरियाड 2, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात इंटेलने कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं. मधली अकरा वर्षं लक्षात घे.

2017 ला त्यांनी हीच चिप घातलेली, चित्रं ओळखायचं गणित करणारी 79 डॉलरची यूएसबी काडी काढली. माझ्या टेबलावर आहे एक. निळी, धातूची, अंगावर उष्णता बाहेर टाकणाऱ्या खाचा. पंखा नाही.

मला सगळ्यात भावतं ते 2020 चं. अंतराळासाठी न बनवलेली हीच मिरियाड 2 किरणोत्साराच्या चाचण्यांतून पार पडली आणि युरोपच्या फायसॅट-1 उपग्रहावर गेली. ढगांनी झाकलेली चित्रं वरच्या वर ओळखायची, म्हणजे ती खाली पाठवण्यात वेळ जात नाही, हे तिचं काम.

तू सोडू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान एवढ्यात तरी नको. तुझा ब्लॉक बाहेरच्या मेमरीकडे किती फेऱ्या मारत होता आणि त्यातल्या किती टाळता आल्या असत्या, ते कागदावर मांड. कंपनीची फाईल आणू नकोस, तुला जे उमगलंय तेवढंच. रविवारी सकाळी ये. काडी लॅपटॉपला लावून ठेवतो.

तुझा,
काका