एनिसला येताना पेटी आणावी का?

शॅननजवळच्या कंपनीत नोकरी मिळाल्यामुळे आपण पत्नी आणि आठ वर्षांच्या मुलीसह आयर्लंडमधील एनिस या गावी राहायला येणार आहात. मुलगी दोन वर्षे पेटी शिकत आहे, तेव्हा तिकडे गाणेबजावणे ऐकायला आणि शिकायला मिळते का, पेटी बरोबर आणावी का, आणि एकटे वाटते का, असे आपण विचारले आहे. नोकरीचा परवाना, व्हिसा, नोंदणीचे कार्ड आणि त्यांची शुल्के यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेली आहे, ती मी पुन्हा लिहीत नाही. आपल्या प्रश्नांना चार ओळींचे उत्तर पुरले असते. परंतु पेटीचा उल्लेख वाचला आणि लेखणी आवरली नाही.

मी २०१६ च्या जुलैत पत्नी आणि सात वर्षांच्या मुलाला घेऊन एनिसला आलो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळात मी अकरा वर्षे पेटीवर बसत होतो. वडिलांची ती पेटी मी गावीच ठेवली, कारण प्रेशर कुकर, मसाले आणि मुलाचे लोकरीचे कपडे भरल्यावर विमानाच्या सामानात तिला जागा उरली नाही. निदान सर्वांना मी हेच कारण सांगितले. खरे असे की, परदेशात आपले भजन कोण ऐकणार, असे मला वाटत होते आणि त्या विचाराची थोडी लाजही वाटत होती.

एनिस हे सुमारे २८ हजार वस्तीचे, क्लेअर काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, मुख्य गाव आहे. आम्ही आलो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथे ‘फ्ला’ भरला होता, म्हणजे आयरिश पारंपरिक संगीताचा सर्वांत मोठा वार्षिक मेळा, जो १९५१ साली मलिंगर येथे सुरू झाला आणि दरवर्षी किंवा दोन-तीन वर्षांनी गाव बदलत फिरतो. दहा-बारा वर्षांची मुले दुकानांच्या पायऱ्यांवर बसून फिडल वाजवत होती, त्यांच्याभोवती वाटसरू उभे होते, आणि हे सर्व अक्षरशः आमच्या खिडकीखाली चालले होते. मी खिडकी लावून घेतली. बँकेला पत्त्याचा पुरावा हवा होता, पुराव्यासाठी विजेचे बिल हवे होते, बिलासाठी घर हवे होते आणि घरमालकाला आधी बँकेचे खाते हवे होते. मेळ्याच्या गर्दीमुळे तात्पुरती खोलीही महाग झाली होती, आणि त्या वाजवणाऱ्या मुलांचा मला राग येत होता. पुढच्या वर्षी मेळा पुन्हा एनिसलाच झाला. तेव्हा मी गाडीच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास होऊन घरी बसलो होतो. २०१८ साली मेळा ड्रॉहेड्याला गेला, आणि त्यानंतर कधीतरी माझ्या लक्षात आले की मी काय घालवले.

गाडीच्या परवान्याचा या विषयाशी संबंध आहे, म्हणून तेवढे सांगतो. आपला भारतीय परवाना इथे बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा, शिकाऊ परवाना, शिकवणी आणि मग रस्त्यावरची परीक्षा हे सर्व नव्याने करावे लागते, आणि शिकाऊ परवान्यावर चालवताना शेजारी किमान दोन वर्षे पक्का परवाना असलेली व्यक्ती बसवावी लागते. पुण्यात चौदा वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला आरशात पुरेसे पाहत नाही म्हणून नापास केले की काय वाटते, ते मी लिहीत नाही. मात्र क्लेअरमधले उत्तम संगीत फीकल, डूलिन, मिलटाउन मालबे अशा लहान गावांत आहे, आणि रात्री अकराला तिथून परत आणणारी बस नसते. रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख मिळायला महिने लागतात; तेव्हा आल्या आठवड्यातच लेखी परीक्षेसाठी अर्ज करावा. तोपर्यंत एनिसमध्ये पायी जाता येईल एवढे संगीत भरपूर आहे.

ते ‘सेशन’मध्ये असते, आणि सेशन म्हणजे मैफल नव्हे. पबच्या एका कोपऱ्यात चार-सहा माणसे एकमेकांकडे तोंड करून बसतात, बहुधा व्यासपीठ नसते, ध्वनिवर्धक नसतो, आणि ऐकणाऱ्यांकडे कोणी पाहत नाही. एकजण काहीही न सांगता धून सुरू करतो, ज्यांना येते ते तिच्यात शिरतात, आणि ज्यांना येत नाही ते वाद्य मांडीवर ठेवून ऐकतात. एक धून साधारणपणे तीनदा वाजते, मग कोणाच्या तरी भुवईच्या इशाऱ्यावर थांबा न घेता दुसरी लागते. नोटेशनचा कागद समोर ठेवलेला मला कधी दिसला नाही. आपल्याकडे एकादशीला रात्री देवळात जे चालते त्याची यात ओळख पटते, पण मला ती पटायला तीन वर्षे लागली, कारण पबमध्ये पाऊल टाकायचे नाही अशा घरात मी वाढलो होतो. दारू न पिणाऱ्याकडे कोणी वाकडे पाहत नाही, हे मला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. ‘मिनरल’ मागावे, म्हणजे लिंबूपाणी, संत्र्याचे पेय असे काहीतरी मिळते. २००४ पासून पबमध्ये धूम्रपानालाही बंदी आहे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पबमध्ये बसून असे वाजवण्याची पद्धत फार जुनी नाही. पूर्वी हे संगीत घराघरांतल्या स्वयंपाकघरांत आणि नाचाच्या बैठकांत वाजत असे. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचासाठी परवाना सक्तीचा केला आणि त्या बैठकांवर गदा आली. पुढे १९४० आणि ५० च्या दशकांत कामासाठी लंडनला गेलेल्या आयरिश मजुरांनी, भाड्याच्या खोल्यांत वाजवायला जागा नव्हती म्हणून, पबमध्ये एकत्र बसायला सुरुवात केली आणि मग ती रीत मायदेशी आली. म्हणजे ज्या कोपऱ्याबाहेर मी इतकी वर्षे परका म्हणून उभा होतो, तो मुळात परगावी गेलेल्यांनीच मांडलेला होता.

आता माझ्या फजितीबद्दल. पहिल्यांदा आत गेलो त्या रात्री ‘जिग’ ही नाचाची धून वाजत होती. जिग सहा मात्रांची, तीन-तीनची असते. माझ्या कानाने तिला लगेच दादरा म्हटले आणि माझी बोटे टेबलावर ठेका धरू लागली. शेजारी बासरी वाजवणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी धून संपताच आपला ग्लास माझ्या टेबलावरून उचलला आणि खाली जमिनीवर खुर्चीच्या पायाशी ठेवला. ते काहीच बोलले नाहीत. नंतर कळले की आगंतुकाने ताल धरणे हे इथले मोठे पाप आहे, ‘बौरान’ ही चामड्याची डफासारखी तालवाद्येही एका वेळी एकच चालतात, आणि जिगचा झोका दादऱ्यासारखा मोजून बसत नाही. ‘रील’ केरव्याजवळ जाते आणि ‘स्लिप जिग’ नऊ मात्रांची असते. स्वरांच्या बाबतीत मात्र आपली मुलगी मुळीच परकी राहणार नाही. बहुतेक धुना, पेटीच्या पट्ट्यांत सांगायचे तर, पांढरी दोन, पांढरी पाच किंवा पांढरी सहामध्ये असतात, आणि त्यांत बिलावलबरोबरच खमाज आणि काफी थाटाचे स्वर इतके येतात की डोळे मिटून ऐकताना माझा अनेकदा गोंधळ होतो.

त्याच पबमध्ये काही महिन्यांनी, दोन धुनांच्या मधल्या शांततेत, एका बाईंनी मला विचारले, “तुमच्या गावचे एखादे गाणे आहे का तुमच्याकडे?” असे विचारणे इथे सहज असते. साथीशिवाय एकट्याने गाण्याची त्यांची जुनी परंपरा आहे, आणि गाणे चालू असताना ऐकणारे मध्येच ‘गुड मॅन’ म्हणून दादही देतात. मी म्हणालो, “मला येत नाही.” अकरा वर्षे अभंगांना साथ करून, त्यांतले शंभर तरी पाठ असून, मी असे म्हणालो. त्या “बरं” म्हणाल्या आणि कॉन्सर्टिना या भात्याच्या लहान वाद्यावर पुढची धून सुरू झाली. पुन्हा कोणी विचारलेले नाही, आणि मीही अजून गायलेलो नाही.

मुलाच्या शाळेविषयी लिहायचे नाही असे ठरवले होते, परंतु आपली मुलगी आठ वर्षांची आहे. इथल्या प्राथमिक शाळांपैकी सुमारे नव्वद टक्के कॅथलिक चर्चच्या आश्रयाखाली आहेत. धर्मशिक्षणातून मुलाला बाहेर ठेवण्याचा पालकांना हक्क आहे, पण त्या वेळात ते मूल कुठे बसेल याची सोय बहुधा कोणी केलेली नसते. दुसरीच्या वर्गात मे महिन्यापर्यंत पहिल्या कम्युनियनची, म्हणजे मुलांच्या एका कॅथलिक धर्मविधीची, तयारी चालते. माझा मुलगा ते महिने मागच्या बाकावर चित्रे रंगवत बसला. त्याने घरी कधी तक्रार केली नाही. वह्या पाहिल्यावर आम्हांला कळले. बारा वर्षांच्या आत आलेल्या मुलांना परदेशातून आल्याच्या कारणावर आयरिश भाषेतून सूट मिळत नाही, याचाही मला तेव्हा संताप आला होता. आज तो संताप नाही, कारण आयरिश मुलगा आवडीने शिकला. संताप दुसऱ्याच गोष्टीचा आहे. त्याचे इंग्रजी लवकर सुधारावे म्हणून घरी फक्त इंग्रजीच बोला, असे शाळेने आम्हांला सांगितले. सांगणाऱ्या बाई प्रेमळ होत्या. आम्ही त्यांचे ऐकले. दोन वर्षे आम्ही ते इतके निष्ठेने पाळले की आज तो सोळा वर्षांचा आहे आणि मराठी त्याला समजते, पण बोलता येत नाही. हा दोष शाळेचा कमी आणि माझा अधिक आहे. आपल्यालाही कोणी असे सांगितले, तर मान डोलवावी आणि घरी येऊन मराठीतच बोलावे.

त्याच शाळेने त्याला टिन व्हिसल दिली, हेही लिहिले पाहिजे. सहा भोकांची, पांढरी दोनची ही पत्र्याची बासरी इथल्या बऱ्याच शाळांत वर्गात शिकवतात. तिथून तो कॉन्सर्टिनावर गेला, आणि क्लेअरमध्ये हे होणे स्वाभाविक आहे. किलरशच्या एलिझाबेथ क्रॉटी या नामवंत वादक इथल्याच, आणि हे वाद्य या काउंटीची खूण मानले जाते. कॉन्सर्टिना ही आपल्या पेटीची लांबची बहीण आहे: धातूची पट्टी, भात्याची हवा, तेच तत्त्व. फरक एवढाच की भाता दोन तळहातांच्या मध्ये असतो, आणि इथे वाजवतात त्या प्रकारात एकच बटण भाता दाबताना एक स्वर देते आणि ओढताना दुसरा. सुरुवातीला विकत घेऊ नये, भाड्याने मिळते.

वडिलांना मुलाने एकदा व्हिडिओवर एक रील वाजवून दाखवली. वडील स्क्रीनच्या इतके जवळ आले की फक्त त्यांचा चष्मा दिसत होता. “ही पेटीच की रे,” ते म्हणाले, “भाता कोण मारतं?” मुलाला प्रश्न कळला, उत्तर मराठीत जुळेना, तो माझ्याकडे पाहू लागला. मी उत्तर देण्याआधीच त्याने दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरले आणि तीच रील अगदी सावकाश, एकेक दाब आणि ओढ दिसेल अशी पुन्हा वाजवली. २०२२ साली वडील गेले. पेटी गावी माळ्यावर आहे आणि तिचा भाता उंदरांनी कुरतडला आहे, असे भाऊ सांगतो.

एकटेपणाबद्दल आपण विचारले आहे. वाटते. डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा अधिक वाटते. त्यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नाही.

मुलीसाठी काय करावे ते सांगतो. रात्रीच्या सेशनची तिला आशा दाखवू नये: अठरा वर्षांखालील मुलांना रात्री नऊनंतर, आणि मे ते सप्टेंबर या काळात दहानंतर, पबमध्ये थांबता येत नाही, आणि साडेनऊ ही जाहिरातीतली वेळ असली तरी पहिली धून बहुधा दहाला लागते. लहान मुलांना दुपारच्या सेशनला न्यावे. ‘कोल्तस’ या पारंपरिक संगीताच्या संस्थेचे ‘कुश ना हाउना’ हे केंद्र एनिसमध्येच आहे. आल्यावर पहिल्या महिन्यात, घर लागण्याची वाट न पाहता, तिथे चौकशी करावी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मिलटाउन मालबे येथे विली क्लॅन्सी यांच्या नावाने उन्हाळी शाळा भरते. हे इलन पाइप्सचे, म्हणजे आयरिश बॅगपाइपचे, थोर वादक १९७३ च्या जानेवारीत गेले आणि त्याच वर्षी ती सुरू झाली. त्या आठवड्यात गावात गाडी लावायला जागा मिळत नाही, तरी जावे. आणि वादकांच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी त्यांवर बसू नये. त्या रिकाम्या नसतात.

पेटी अवश्य आणावी. निघण्यापूर्वी जाणकाराकडून तिचे सूर तपासून घ्यावेत आणि पांढरी सहा ४४० हर्ट्झला आहे ना हे पाहावे, कारण इथली वाद्ये त्यावर लावलेली असतात आणि पेटी दुरुस्त करणारा मला या भागात अजून सापडलेला नाही. मुलगी काळी चारमध्ये शिकत असेल, तर आतापासून रोज थोडा वेळ पांढरी दोनवरून आणि पांढरी पाचवरून अलंकार वाजवायला सांगावे. पहिल्याच दिवशी पेटी घेऊन सेशनला जाऊ नये. आधी चार-सहा आठवडे नुसते ऐकावे. रविवारी दुपारी मुलगा ज्या सेशनला बसतो तिथे मी दाराजवळच्या बाकावर असतो. त्या बाकावर तिघांना पुरेल एवढी जागा आहे.