टाकी तीच, हीटर तोच?

प्रश्न : भोसरीत माझं सीएनसी टर्निंगचं जॉबवर्क आहे, चौदा माणसं. पितळेची फिटिंग आणि एमएसच्या (साध्या पोलादाच्या) पिना करतो. पार्ट धुवायला ‘ट्राय’ या द्रावकाची वाफेची टाकी आहे, पंधरा वर्षं विनातक्रार चालली. आता ज्या ग्राहकाचा माल जर्मनीला जातो, त्याने रसायनांचा तक्ता पाठवलाय आणि ट्रायसमोर लाल खूण केलीय. सप्लायर म्हणतो, “टाकी तीच, हीटर तोच, फक्त लिक्विड बदला. पेटत नाही, त्रास नाही.” भाव बराच जास्त आहे. नमुन्याचा कॅन येऊन पडलाय. घ्यावं का?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : कॅन आहे तसा बाजूला ठेवा. त्यावर हिरवं पान छापलेलं असेल आणि नावात कुठेतरी ‘इको’ असेल, तर जास्तच सांभाळून. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, हा प्रकार या धंद्यात फार. सप्लायरकडून सेफ्टी डेटा शीट मागवा आणि तिसऱ्या भागात कॅस नंबर बघा. प्रत्येक रसायनाचा हा नंबर ठरलेला असतो, ब्रँड कितीही बदलला तरी तो बदलत नाही. ट्राय म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन, त्याचा ७९-०१-६. तुमच्या शीटवर १०६-९४-५ दिसला, तर ते एन-प्रोपिल ब्रोमाइड.

‘टाकी तीच, हीटर तोच’ हे शब्द वाचल्यावर मला तोच संशय आला. ट्राय ८७ अंशांना उकळतं, हे ७१ ला. म्हणून टाकी बदलावी लागत नाही. पण अमेरिकेत फर्निचरच्या गाद्यांचा फोम चिकटवणाऱ्या कामगारांना याच द्रवाच्या वाफेने पाय बधिर होऊन चालणं मुश्कील झालं होतं. ट्राय मूत्रपिंडाचा कर्करोग करतं, हे मज्जातंतूंवर जातं. शिवाय युरोपच्या ज्या यादीवरून तुमच्या ग्राहकाने तक्ता बनवला असणार, तिच्यात दोघंही आहेत. ट्रायला तिथे परवान्याशिवाय वापराची शेवटची तारीख २१ एप्रिल २०१६ होती, याला ४ जुलै २०२०. म्हणजे जास्त पैसे मोजून पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा त्याच लाल खुणेसमोर.

मी हे शहाणपण सांगतेय, पण माझाच एक किस्सा ऐका. मी एका कारखान्यात केमिस्ट होते. तिथे टाकीत सीटीसी, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड असायचं. यकृताचा शत्रू, वर ओझोनच्या थराचाही. माँट्रियल कराराप्रमाणे आपल्या देशाला ते २०१० उजाडायच्या आत बंद करायचं होतं. मी २००९ च्या पावसाळ्यात सगळ्या टाक्या रिकाम्या करून त्यांत ट्राय भरलं. साहेबांनी पेढे वाटले. तीन वर्षांनी, २०१२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ट्रायला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे नक्की. आणि आधी माहीत नव्हतं असंही नाही, १९९५ पासून ते ‘बहुधा होतो’ या गटात होतंच. मी डेटा शीटमध्ये ओझोनचा रकाना वाचला आणि पुढचं पान उलटलंच नाही. त्या टाकीवर बसणारा मुलगा तेव्हा बावीसचा होता.

म्हणून ‘ट्रायच्या जागी काय घालू?’ हा प्रश्न थोडा वेळ सोडा. पार्टवर नेमकं काय चिकटलंय आणि तो किती स्वच्छ हवाय, ते आधी बघा. एक दिवस टाकीजवळ वही घेऊन उभे राहा आणि प्रत्येक बास्केट कुठून आली, कुठे चालली ते लिहा. आमच्याकडे सहा प्रकारचे पार्ट होते. त्यांतले दोन प्लेटिंगला जायचे. प्लेटिंगवाला स्वतःच्या गरम अल्कलीत ते पुन्हा धुतोच! आम्ही वर्षानुवर्षं ते ट्रायमध्ये चकचकीत करून त्याच्याकडे पाठवत होतो. का, तर कुणी विचारलं नव्हतं. ते दोन पार्ट त्याच आठवड्यात टाकीतून काढले, बर (कडेला राहिलेला धातूचा कीस) झटकून आणि तेल निथळवून सरळ पाठवले. तुमच्या एमएस पिना झिंक प्लेटिंगला जात असतील, तर तुमचंही तेच निघेल.

दुसरी गोष्ट तेलाची. सरळ कटिंग ऑइलवर चालणारी मशीन पाण्यात मिसळणाऱ्या कूलंटवर आणता आली, तर धुणं निम्मं सोपं होतं. आणि पार्ट रात्रभर क्रेटमध्ये ठेवून सकाळी धुवू नका. शिफ्टमध्येच धुवा, वाळलेलं तेल हट्टी असतं.

एवढं केल्यावर जे उरेल, त्यासाठी पाण्यावरची धुलाई : ५५-६० अंशांचं सौम्य डिटर्जंट द्रावण, अल्ट्रासोनिक टाकी, दोनदा खळबळणं, स्पिनर, गरम हवा. पितळेला कडक अल्कली चालत नाही, पार्ट काळवंडतात, तेव्हा न्यूट्रलच्या जवळचं मागा. पाण्याचे डाग राहिले, तर शेवटचं खळबळणं डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यात. एमएसवर गंज चढायला मात्र दहा मिनिटंही पुरतात. पिना ओल्या ठेवून चहाला गेलं की संपलं. शेवटच्या पाण्यात गंजरोधक घालायचं आणि लगेच सुकवायचं. ब्लाइंड होलचे (भोक आरपार नसलेले) पार्ट बास्केटमध्ये तोंड खाली करून लावावे लागतात, नाहीतर भोकात पाणी साठतं. यावर आमच्या पोरांनी जुन्या जाळीला वेल्डिंगच्या सळ्या जोडून स्टँड केला होता. कुठल्याच सल्लागाराने तो सुचवला नसता.

स्वच्छ झालं की नाही, ते बघायला महागडं यंत्र लागत नाही. धुतलेला पार्ट स्वच्छ पाण्यात बुडवून वर काढा. पाणी सलग पातळ पापुद्र्यासारखं राहिलं तर तेल गेलं, तुटून थेंब झाले तर आहे. ही परीक्षा आज ट्रायच्या पार्टवरही करा आणि दोन्ही निकाल ग्राहकाच्या क्वालिटीवाल्याला दाखवा. मंजुरी त्याच्याकडून लेखी घ्या.

याची किंमत कुठे पडते, तेही सांगते. ट्रायच्या गाळाचे ड्रम तुम्ही रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्राला पाठवत असाल. आता तेलकट पाणी तयार होईल. ते गटारात सोडलं तर तुमच्या माणसांचा त्रास इंद्रायणीच्या गळ्यात बांधल्यासारखं होईल. तेल वेगळं करायचा सापळा आणि प्रक्रिया लागेल, एमपीसीबीच्या (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) कन्सेंटमध्ये बदल लागेल. वीजबिलही वाढेल. मशीनचं कोटेशन मागवतानाच हे सगळं धरा. एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन ऑइल) किंवा रॉकेलकडे वळायचा मोह होईल, स्वस्त आहे म्हणून. त्याला उत्तर एकच, ते पेटतं.

हे व्हायला चार-सहा महिने जातील. तोवर जुनी टाकी नीट चालवा. काम नसताना झाकण बंद. वरच्या कॉइलमधलं थंड पाणी चालू आहे ना, ते रोज सकाळी हात लावून बघा. बास्केट सावकाश उचला, झटक्याने उचलली की वाफ सोबत येते. टाकीवर पंखा मारू नका, तो वाफ माणसाच्या तोंडावर आणतो. जवळ वेल्डिंग आणि विडी बंद, आर्कच्या उष्णतेने या वाफेचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. आणि गाळ काढायला टाकीत माणूस उतरवायचा नाही. ही वाफ हवेच्या साडेचारपट जड, ती तळाशी बसून असते. ‘कायद्याच्या मर्यादेत आहे’ हे कन्सल्टंटचं वाक्य मलाही पाठ आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या अनुसूचीत ट्रायसाठी आठ तासांची सरासरी ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५०) ठरवली होती, अमेरिकेतले औद्योगिक आरोग्यतज्ज्ञ १० सांगतात.

प्रश्न : माझे मिस्टर पार्ट धुवायच्या टाकीवर आहेत. घरी आल्यावर कपड्यांना गोडसर वास असतो, डोकं जड असतं. शनिवारी थोडी घेतली की चेहऱ्यावर आणि मानेवर लाल चट्टे उठतात. पूर्वी असं होत नव्हतं. मित्र चिडवतात. दारूचा दोष समजायचा का?
— एक भगिनी, चिंचवड

उत्तर : ताई, दारूची बाजू घेणार नाही, पण हे चट्टे एकट्या दारूचे नसावेत. टाकीत ट्रायक्लोरोइथिलीन असेल, तर हा प्रकार जुना आणि माहितीचा आहे. इंग्रजीत त्याला टाकीवरच्या कामगारांचंच नाव आहे. शरीर ट्राय निपटण्यात गुंतलेलं असतं, तेवढ्यात दारू आली की तिचं पचन अडतं आणि चेहरा पेटतो. काही औषधांनीही असं होतं, म्हणून डॉक्टरांनीच ठरवू दे. पण चिडवण्यावर नेऊ नका. वाफ अंगात जातेय, असा त्याचा अर्थ असू शकतो.

ईएसआयच्या डॉक्टरांना ‘कंपनीत काम करतात’ एवढंच सांगून भागणार नाही. टाकीचं काम, रसायनाचं नाव, किती वर्षं, सगळं सांगा. यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करायला सांगा. लघवीत ट्रायचा अंशही मोजता येतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क वाफ अडवत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. कामाचे कपडे वेगळे धुवा.

आपण काय हाताळतो, हे जाणून घ्यायचा कामगाराला कायद्याने हक्क आहे. सुपरवायझरला विचारायची भीती वाटत असेल, तर ड्रमवरच्या लेबलचा फोटो मोबाइलवर काढून आणायला सांगा. ब्रँडचं नाव नाही आलं तरी चालेल, खाली बारीक अक्षरांत छापलेला कॅस नंबर (रसायनाचा ठरलेला नंबर) दिसला पाहिजे. तो माझ्याकडे पाठवा.